डार्क एनर्जी न मानणारे नवे सिद्धांत तपासतात तरी कसे?

तुम्ही विचारलंय, की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवते असं मानतात ती डार्क एनर्जी कुणी पाहिलेली नाही, मग गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा आहे असं म्हणणाऱ्या सिद्धांतांची परीक्षा कशी घेतात? मी अशाच सिद्धांतांवर पीएचडी करत होतो, तेव्हाची एक गोष्ट सांगतो.

आइन्स्टाइनच्या समीकरणांत एक जादा क्षेत्र घातलं, की डार्क एनर्जीशिवायही विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवता येतो. सुपरनोव्हांची, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांची, मोजलेली अंतरंही जुळतात. पण यातल्या बऱ्याच सिद्धांतांतून आणखी एक गोष्ट आपसूक निघायची: गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातून पसरणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या तरंगांचा, वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा वेगळा असणार.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी लायगो आणि व्हर्गो या लहरी टिपणाऱ्या वेधशाळांनी पकडल्या, आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला त्याच टकरीचे गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, दिसले. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. एवढ्या प्रवासात दोन सेकंदांचाही फरक नाही! आणि तोही किरण मुळात उशिरा निघाल्यामुळे पडलेला असू शकतो. ही बातमी १६ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी जाहीर झाली. त्या रात्री मी वही उघडली आणि एकेका समीकरणावर काट मारत गेलो. दोन वर्षांचं काम होतं. वाईट वाटलं, पण परीक्षा चोख झाली होती.

चोख अशासाठी, की उत्तर आधीच लिहून दिलेलं होतं. जादा प्राचलं, म्हणजे हवे तसे बदलता येणारे आकडे, घातली की कुठलाही सिद्धांत जुन्या मोजमापांवर बेतता येतो, त्यामुळे नुसतं 'जुळतंय' याला फारशी किंमत नाही. तुमचा सिद्धांत कुठे वेगळं सांगतो, हे मी आधी विचारतो. ज्यांत लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात ते सिद्धांत तरले. दीर्घिकांचे समूह किती झपाट्याने वाढत गेले, यावरून त्यांची परीक्षा चालू आहे.

सध्या सगळ्यांचं लक्ष ॲरिझोनातल्या 'डेसी' या दीर्घिकांचा नकाशा बनवणाऱ्या प्रकल्पाकडे आहे. मार्च २०२५ मध्ये त्यांनी १.४ कोटींहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) यांच्या मोजणीवरून डार्क एनर्जी काळानुसार बदलत असावी, असे संकेत दिले. पण संकेत किती पक्का, ते सोबत सुपरनोव्हांची कुठली यादी घेतली यावर ठरतं: २.८ सिग्मापासून ४.२ पर्यंत (सिग्मा जितके जास्त, तितकी तो नुसता योगायोग असण्याची शक्यता कमी). शोध म्हणायला ५ लागतात. यादी बदलली की आकडा एवढा हलतो, तोवर मी तरी प्रमाण मॉडेल, म्हणजे डार्क एनर्जी कायम तेवढीच राहते हे चित्र, मोडलं असं म्हणणार नाही.