फ्लोट थेरपीने खरंच आराम मिळतो का? तीनदा जाऊन आलेल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: रात्री झोप येत नाही, डोक्यात कामाचंच चक्र फिरत राहतं, मैत्रिणीने फ्लोट थेरपी, म्हणजे बंद टाकीतल्या मिठाच्या पाण्यात तरंगत पडणं, सुचवली आहे. पैसे वाया जातील का? आणि बंद जागेची भीती वाटते, त्याचं काय?

पहिल्या वेळचे पैसे बहुतेक वाया जातात. माझे गेले असते, पण ते मुलीने भरले होते. मी राहतो कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीला. घोडबंदर रोडवर रोज क्लच-ब्रेक करून मानेची पार लाकडाची फळी झाली होती, म्हणून तिने वाढदिवसाला नवी मुंबईतल्या एका फ्लोट सेंटरचं कूपन दिलं. पुढच्या दोन खेपा मी स्वतःच्या खिशातून केल्या. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटकाची पुढच्या रांगेतली दोन तिकिटं आणि वर दोघांचं जेवण, एवढा एका तासाचा खर्च आला.

आत असतं ते अगदी साधं. फूटभर पाण्याची बंद टाकी, आणि त्या पाण्यात काही शे किलो एप्सम सॉल्ट विरघळवलेलं. हे जेवणातलं मीठ नव्हे, मॅग्नेशियम सल्फेट. गुलाबाच्या कुंडीत घालतात, पाय दुखले की गरम पाण्यात टाकतात, पूर्वी पोट साफ व्हायलाही घेत, तेच. त्याने पाणी इतकं जड होतं की माणूस बुडू म्हटलं तरी बुडत नाही. मृत समुद्रात लोक पेपर वाचत तरंगतात ना, तसंच. पाण्याचं तापमान त्वचेच्या आसपास, म्हणजे ३४-३५ अंश ठेवतात. दिवा बंद केला की अंधार आणि शांतता. बस्स.

मी त्या दिवशी सकाळी दाढी करून गेलो होतो. हनुवटीखाली ब्लेड लागलं होतं, ते माझ्या लक्षातही नव्हतं. पाण्यात टेकलो आणि तिथे असं काही झोंबलं की विचारू नका. बरं, ते चोळायला हात नेला आणि त्याच ओल्या हाताने डोळा पुसला. गोड्या पाण्याची फवारणीची बाटली आत ठेवलेली असते, पण ती कुठल्या बाजूला आहे हे मी आधी बघितलंच नव्हतं. एक डोळा मिटून अंधारात चाचपडत बसलो. उरलेला वेळ 'किती मिनिटं झाली असतील' याचा हिशेब करण्यात गेला. तेव्हा आदल्या दिवसापासून दाढी आणि वॅक्सिंग बंद, खरचटलं असेल तिथे व्हॅसलिन, आणि बाटली कुठे आहे ते दिवा चालू असतानाच बघून घ्या.

दुसऱ्या खेपेला खरी गंमत कळली, तीही उशिरा. मी आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. काठावरून मामा ओरडायचा, 'मान वर धर!' त्यामुळे पाण्यात गेलो की मान ताठ, हे हाडीमाशी खिळलेलं. टाकीतही अंग तरंगत होतं आणि मान मात्र मी एकटाच उचलून धरली होती. लक्षात आल्यावर मुद्दाम सोडली. कान पाण्याखाली गेले, डोकं जरा खाली गेलं आणि आपोआप थांबलं. बुडालो नाही. मग खांदे गेले, मग जबडा. (जबडाही आपण दिवसभर आवळून धरतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.) दोन्ही हात डोक्याच्या वर नेले तर मानेला आणखी मोकळं वाटलं. नंतर आपलं अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं तेच कळेना. ऐकू येत होते ते स्वतःचे ठोके आणि पोटातली गुडगुड. दुपारची मिसळ नडली. एकदम भरल्या पोटी जाऊ नका.

मन रिकामं वगैरे होत नाही. माझ्या डोक्यात आधी सोसायटीच्या पार्किंगचं भांडण आलं, मग गृहकर्जाचा हप्ता. फरक इतकाच की त्यांच्यामागे अंग धावत नव्हतं, त्यामुळे तेही थोड्या वेळाने कंटाळून गेले.

बरेचजण सांगतात की अशा अंधारात मेंदू झोपीच जातो. १९५४ मध्ये अमेरिकेत जॉन लिली या शास्त्रज्ञाने हीच शंका तपासायला पहिली टाकी केली होती. बाहेरून काहीच आलं नाही तर मेंदू बंद पडतो का? स्वतः तोंडाला मास्क लावून पाण्यात राहून त्याने पाहिलं, मेंदू चांगला जागा राहतो. मिठाच्या पाण्यात उताणं पडायची आजची पद्धत सत्तरच्या दशकात आली.

फायद्याचं म्हणाल तर, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा इथल्या संशोधकांनी चिंता आणि तणावाचे विकार असलेल्या ५० जणांना एकेक तास तरंगवलं. त्यांची चिंता तेवढ्यापुरती चांगलीच कमी झाली. पण आपण फ्लोटलाच आलोय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मोजमाप होतं एकाच तासाचं. उलट २०२१ मध्ये जुनाट दुखण्याच्या ९९ रुग्णांवर झालेल्या जर्मन चाचणीत लांब पल्ल्याचा काहीच फायदा दिसला नाही. म्हणून काउंटरवरची मुलगी 'दहा सेशनचं पॅकेज घ्या सर, पाठदुखी कायमची जाईल' म्हणाली तेव्हा मी नुसता हसलो. कातडीतून मॅग्नेशियम शरीरात मुरतं या दाव्यालाही फारसा आधार नाही.

माझ्यापुरतं सांगतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेनंतर त्या रात्री मेल्यासारखा झोपलो. पुढची रात्रही बरी गेली. तिसऱ्या रात्री अडीच वाजता डोळे टक्क उघडे. मान मात्र चार-पाच दिवस हलकी राहिली, आणि सिग्नलला थांबलो की जबडा आवळलाय का हे बघायची सवय लागली ती अजून आहे. तुमची झोप महिनोन् महिने उडालेली असेल तर आधी डॉक्टर गाठा, टाकी नंतर.

बंद जागेच्या भीतीबद्दल. दाराला कडी नसते, आतून हाताने ढकललं की उघडतं, आणि दिवा चालू ठेवता येतो. टल्साच्या प्रयोगात तर झाकणच नसलेला गोल हौद होता. काही ठिकाणी बंद टाकीऐवजी खोलीएवढा उघडा हौद असतो, फोनवर आधी तेवढंच विचारा. पहिल्यांदा दार उघडं आणि दिवा चालू ठेवून पडलात तरी काही बिघडत नाही.

फोनवर आणखी एक विचारा: दोन माणसांच्या मध्ये पाणी फिल्टर किती वेळ चालवता? इतकं मीठ घातलेलं पाणी कोणी दरवेळी ओतून देत नाही, त्यामुळे सगळी भिस्त फिल्टरवर. माझ्या तिसऱ्या खेपेला पाण्यावर दुसऱ्या कुणाचा तरी लांब केस तरंगत होता. सांगितल्यावर त्यांनी वेळ बदलून दिली, पण मन आंबलं ते आंबलंच. फिट येणाऱ्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी, कान फुटलेला किंवा अंगावर उघडी जखम असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. दारू पिऊन तर नाहीच. केसांना नुकताच रंग लावला असेल तर थांबा.

आणि निघताना घाई करू नका. कानाची भोकं गोड्या पाण्याने नीट धुवा. मी पहिल्यांदा तसाच निघालो, तर रात्री जेवताना बायको म्हणाली, 'अहो, तुमच्या कानातून पिठीसाखर पडतेय.'