मालवणला दोन दिवस आहोत. समुद्र सोडून पाण्याजवळ काय करता येईल?

एक सकाळ धामापूर तलावाला द्याच. मालवणपासून पंधरा-सोळा किलोमीटर, काळसे-कट्ट्याच्या बाजूला. १५३० साली मातीचा बांध घालून केलेला हा तलाव आजही शेतीला पाणी देतो. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. उजाडताच पोचा, दुर्बीण घ्या आणि बांधावरून सावकाश चाला. दाट झाडीत पक्षी भरपूर. पोहायला मात्र उतरू नका, पाणी खोल आहे. आणि कृपा करून प्लास्टिक परत घेऊन या, हे गावाचं पाणी आहे.

हात-पाय चालवायचे असतील तर तारकर्ली-देवबागला कर्ली नदीच्या खाडीत कयाक चालवा. निघण्याआधी स्थानिकांना भरती-ओहोटीची वेळ विचारा. देवबागच्या संगमाकडे ओहोटीत पाणी जोरात समुद्राकडे ओढतं, तिकडे एकट्याने जाऊ नका. लाइफ जॅकेट हवंच, पोहता येत असलं तरी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद असतात, पण धामापूर तेव्हाच सर्वात हिरवं दिसतं.