ऑफिसची टोट बॅग: उभ्याने काय लागतं आणि बसल्यावर काय

या महिन्यात पत्रांमध्ये बॅगांचाच विषय इतका होता की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि अख्खा कॉलम टोट बॅगेला दिलाय. खांद्यावर रोज दोन-दोन तास वागवायची वस्तू आहे, तिला एवढी जागा द्यायलाच हवी.

प्रश्न: ताई, मी आधी बस आणि मग मेट्रो असं करत ऑफिसला जाते, दीड वर्षात तीन टोट झाल्या. पहिलीला कप्पेच नव्हते, सगळं तळाशी जाऊन बसायचं. म्हणून बारा कप्प्यांची घेतली, तर आता कशात काय ठेवलंय तेच आठवत नाही, कार्ड काढायला गेटसमोर उभी राहून एकेक चेन उघडत बसते, मागे माणसं खोळंबतात आणि मला इतकं ओशाळल्यासारखं होतं. तिसरी दिसायला छान पण रिकामीच जड. नक्की बघायचं तरी काय?

उत्तर: गेटसमोरचं ते ओशाळणं मला चांगलंच माहितीये, त्यामुळे तुमच्या पत्राला सगळ्यात आधी घेतलं. आज रात्री एक काम करा. बॅग पलंगावर पूर्ण उलटी करा, चुरगळलेल्या पावत्यांसकट, आणि दोन ढीग करा. एका ढिगात उभ्याने लागणाऱ्या वस्तू, म्हणजे चालताना किंवा एका हाताने दांडा धरलेला असताना लागतात त्या: प्रवासाचं कार्ड, ओळखपत्र, फोन, इअरफोन, रुमाल, घराची किल्ली, पावसात छत्री. दुसऱ्या ढिगात बसल्यावर लागणारं सगळं: लॅपटॉप, चार्जर, वही, डबा, औषधं, कंगवा वगैरे. पहिला ढीग बहुतेकांचा पाच-सहा वस्तूंचाच निघतो, आणि बॅगेला कप्पे खरे हवे असतात ते फक्त या ढिगासाठी. दुसरा ढीग दोन पाउचमध्ये घालून मधल्या मोकळ्या जागेत उभा केला तरी काही बिघडत नाही, कारण तो काढताना तुम्ही खुर्चीत बसलेल्या असता, दोन्ही हात मोकळे असतात आणि घाईही नसते.

म्हणजे बॅगेत हवं काय, तर बाहेरून एक चेनचा कप्पा (तो अंगाकडच्या बाजूला असलेला बरा, गर्दीत हात फक्त तुमचाच जातो), आत दोन उघडे कप्पे फोन आणि इअरफोनला, एक चेनचा कप्पा पैसे-औषधं यांना, लॅपटॉपची वेगळी जागा, बाटली उभी राहील अशी एक खाच, आणि किल्लीसाठी आतल्या शिलाईत अडकवलेली पट्टी नि हूक. ती पट्टी ओढली की किल्ली आपोआप वर येते, एवढ्याशा गोष्टीने दारातला रोजचा शोध संपतो. बारा कप्प्यांत होतं काय की हाताला जागा पाठ होत नाही. शिवाय प्रत्येक कप्प्याचं कापड, अस्तर, चेन यांचं वजन वाढतं, आणि भिंतीवरचा कप्पा भरला की तो मधल्याच जागेत फुगतो, म्हणजे जागा वाढलेली दिसते पण वाढलेली नसते.

कप्प्याची खोली मात्र नक्की बघा, ही कोणी बघतच नाही. प्रवासाचं कार्ड साधारण साडेआठ सेंटीमीटर लांब असतं. कप्पा सात सेंटीमीटर खोल असला तर उभ्या ठेवलेल्या कार्डाची कड वर राहते आणि चिमटीत येते. तोच पंधरा खोल असला की कार्ड खाली जाऊन आडवं पडतं, मग नखांनी उकरत बसायचं. खोल कप्पाच मिळाला तर कार्ड दोरीच्या पाकिटात घालून दोरी चेनच्या रनरला बांधून टाका.

आता वजन. लॅपटॉप सव्वा ते दीड किलो, चार्जर तीनेकशे ग्रॅम, पाऊण लिटर पाणी म्हणजे पाऊण किलो आणि वर स्टीलच्या बाटलीचं तीनशे ग्रॅम, भरलेला डबा अर्धा-पाऊण किलो, छत्री, पाउच, असं करत चारच्या घरात आपण सहज जातो. त्यात बॅगच दीड किलोची असेल तर काय उपयोग! मी रिकाम्या बॅगेला नऊशे ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. वजनकाट्यावर एकदा बॅग घेऊन आणि एकदा बॅगेशिवाय उभ्या राहा, फरक कळेल. आणि ऑफिसात पाणी मिळत असेल तर बाटली जाताना अर्धी भरा, यासारखा सोपा उपाय नाही.

पट्टा दीड बोट रुंद असला तर चार किलोला तो खांद्यात रुततो, निदान दोन-अडीच बोटं हवा, आणि गोल दोरीसारखा तर नकोच. पट्ट्याच्या वरच्या टोकापासून बॅगेच्या काठापर्यंतचं अंतर २५ ते २८ सेंटीमीटर असलं की बॅग काखेत नीट बसते, जाड जॅकेट घालत असाल तर थोडं जास्त. एका खांद्यावर बॅग असली की ती घसरू नये म्हणून तो खांदा नकळत वर उचललेला राहतो आणि मानेचा स्नायू सगळा वेळ ताणलेला. म्हणून जाताना एक खांदा, येताना दुसरा, ही सवय लावून घ्या. आणि अगदी मनापासून सांगते, रोजचं वजन पाच किलोच्या वर जात असेल आणि चालणंही बरंच असेल तर टोटचा हट्ट सोडा, पाठीवर घेता येणारे दोन पट्टे असलेली टोट मिळते ती बघा.

प्रश्न: बॅगेवर १५ इंच लॅपटॉप असं स्पष्ट लिहिलेलं होतं, माझा १५.६ आहे, तरी आत जात नाही. परत करायला गेले तर म्हणे वापरलीये. हे काय गणित आहे?

उत्तर: इंच जे सांगतात ते स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं, तिरकं. त्यावरून लॅपटॉपची रुंदी कळत नाही. १५.६ इंचाचा नुसता स्क्रीनच साडेचौतीस सेंटीमीटर रुंद असतो, भोवतीची कड धरून लॅपटॉप ३६ च्या आसपास जातो. १४ इंचाचे बरेचसे ३१ ते ३२ मध्ये येतात. त्यामुळे घरी पट्टीने लॅपटॉपची रुंदी, उंची आणि जाडी तिन्ही मोजा, फोनमध्ये लिहून ठेवा, आणि दुकानात कप्पा आतून मोजा, बाहेरून नाही. चेन असेल तर चेन उघडल्यावरचं तोंड मोजा, पुष्कळदा कप्पा मोठा असतो पण तोंड अरुंद.

मापापेक्षाही एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कप्प्यात हात घालून तळाशी दाबून बघा. लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या बुडाच्या दोन-तीन बोटं वर संपायला हवा, अधांतरी. तो थेट बुडापर्यंत गेलेला असला तर तुम्ही दमून बॅग जमिनीवर टेकवता तेव्हा टेकतो तो लॅपटॉपचा कोपरा, मग बाजूचा फोम कितीही जाड असू दे. कागदपत्रं नेत असाल तर हेही बघा की ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटीमीटरचा असला तरी ज्या फोल्डरमध्ये तो घालता ते दोन-तीन सेंटीमीटरने मोठं असतं, कोपरे दुमडतात ते त्यामुळे.

प्रश्न: कॅनव्हास, नायलॉन की लेदर? माझी लेदरसारखी दिसणारी बॅग दोन पावसाळ्यांत सोलवटली, काळे कपचे कपड्यांना चिकटायला लागले.

उत्तर: लेदरसारखी दिसणारी म्हणजे बहुतेक कापडावर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर असलेली. ओल आणि उष्णता लागून तो थर हळूहळू तुटतो, घडीवर आणि पट्ट्याच्या वळणावर आधी भेगा पडतात आणि मग पापुद्रे. एकदा सुरू झालं की पॉलिश, क्रीम काही लावून थांबत नाही, त्यात पैसे घालू नका. न वापरता कपाटात बंद ठेवली तरी ती खराब होते, म्हणून ‘चांगली आहे, जपून ठेवू’ असं या बॅगेच्या बाबतीत करू नये, वापरून घ्यावी.

खरं लेदर वर्षानुवर्षं टिकतं, पण वजन जास्त आणि भिजलं तर सावलीत, आत कागद कोंबून वाळवायचं, हीटर किंवा उन्हात नाही. कॅनव्हास मला स्वतःला आवडतो. कापडाचं वजन चौरस यार्डाला १२ औंस, म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम असलं की बॅग उभी राहते, ५-६ औंसाची पिशवी लॅपटॉपने लोंबते. पाणी मात्र तो शोषतो आणि खालच्या कडा मळतात. रोजच्या गर्दीला आणि पावसाला नायलॉन सगळ्यात सोयीचं, हलकं आणि पटकन वाळणारं. त्यावर डेनियर लिहिलेलं असतं, म्हणजे त्याच धाग्याच्या ९००० मीटरचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तर धागा जाड. ४२० डेनियर रोजच्या कामाला पुरतं, १००० घेतलं तर ते राठ असतं आणि बारीक विणीच्या कपड्यांना घासतं. कापडाचा बाहेरचा थर पाणी अडवतो पण चेन आणि शिलाईच्या भोकांतून ते येतंच, लॅपटॉपला आत वेगळं कव्हर घालाच.

कापड कुठलंही असो, पट्टा बॅगेला जोडलाय ती जागा उलटीसुलटी करून बघा. चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी, किंवा खूप जवळजवळ टाके घेतलेली पट्टी. एकाच ओळीची शिलाई दिसली तर ठेवून द्या. माझी एक बॅग अशीच जिन्यात सुटली होती, एका बाजूचा पट्टा हातात, बाटली पायऱ्यांवरून खाली, आणि मी लॅपटॉप पोटाशी धरून उभी. टाके आधी दोन दिवस उसवलेले दिसत होते आणि मी ‘रविवारी बघू’ म्हटलं होतं. तुम्ही म्हणू नका, दोन टाके सुटलेले दिसले की त्याच दिवशी चांभाराकडे टाका.

प्रश्न: वरून चेन हवी की चुंबकाचं बटण चालेल?

उत्तर: गर्दीचा प्रवास असेल तर चेनच. बटण मध्ये लागतं आणि दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी फट राहते. चेनवर नंबर असतो, तो ढोबळमानाने बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी असते, ३ नंबरची चेन आतल्या छोट्या कप्प्याला ठीक, वरच्या तोंडाला ५ किंवा त्याहून मोठी हवी. दुकानात बॅग भरलेली असताना, एका हाताने, कोपऱ्यापर्यंत लावून बघा, रिकाम्या बॅगेची चेन सगळ्यांचीच छान सरकते. आणि हॉटेलच्या खोलीचं काळ्या पट्टीचं कार्ड चुंबकाच्या बटणापाशी ठेवू नका, ते पुसलं जातं.

प्रश्न: पहिली नोकरी आहे, मी मुलगा आहे. टोट घेतली तर विचित्र दिसेल का? बॅकपॅकने शर्टाची पाठ रोज चुरगळते.

उत्तर: अजिबात नाही, बिनधास्त घे. टोट या शब्दाचा अर्थच वाहून नेणं. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या एल. एल. बीन या कंपनीने गाडीतून बर्फाच्या लाद्या आणायला जाड कॅनव्हासची पिशवी काढली होती, आजच्या कितीतरी टोट तिच्याच वळणावर आहेत, हे मुळात मेहनतीच्या कामाचं सामान आहे. तुला एकच सांगेन, छोटे हँडल आणि एक लांब पट्टा असे दोन्ही असलेली बघ, म्हणजे गर्दीत तिरकी अडकवता येईल. पण रुंदी लॅपटॉपपेक्षा फार जास्त नको, मोठी बॅग असली की आपण ती भरतोच.

प्रश्न: मला बहिणीने खूप प्रेमाने एक टोट दिलीये, सुंदर आहे, पण आत नुसती पोकळी. वर तिचं अस्तर गडद काळं, काही दिसत नाही. वापरायची खूप इच्छा आहे.

उत्तर: वापरा की! त्यासाठीच फेल्टचे (दाबून केलेलं जाड, लोकरीसारखं कापड) किंवा नायलॉनचे आत ठेवायचे कप्पेवाले ऑर्गनायझर मिळतात. बॅगेचं बूड आतून मोजा आणि लांबी-रुंदीत दोन-दोन सेंटीमीटर कमी असलेला घ्या, घट्ट बसणारा घेतलात तर बाजू ताणून शिलाई उसवते. उंचीलाही काठापासून तीन बोटं खाली राहू दे, नाहीतर चेन त्यात अडकते. फेल्ट उभं छान राहतं पण वजन वाढवतं, बॅग आधीच जड असेल तर नायलॉनचा घ्या, रंग फिकट, राखाडी किंवा पिवळसर, म्हणजे अंधारातही पेन, किल्ली दिसेल. एवढंही नको असेल तर तीन वेगळ्या रंगांचे पाउच पुरतात, वायरींचा एक, औषधांचा एक, उरलेल्याचा एक, आणि रंग बदलायचे नाहीत, हाताइतकीच डोळ्यालाही सवय लागते.

आणि अशा पोकळ बॅगेत अस्तराचे कोपरे महिन्यातून एकदा बाहेर ओढून बघत जा. पेनाच्या टोकाने तिथे बारीक भोक पडतं, मग नाणी आणि किल्ल्या अस्तराच्या मागे जाऊन बसतात, बॅग हलवली की वाजतात पण सापडत नाहीत. माझ्या कपाटाची किल्ली अशीच चार महिने माझ्याबरोबरच फिरत होती. भोक दिसलं की आतून एक छोटा तुकडा लावून हाताने शिवून टाका, दहा मिनिटांचं काम आहे, बहिणीने दिलेली बॅग आहे, पुढची कितीतरी वर्षं चालेल.