आशय, संशय आणि तज्ज्ञ महाशय

एम.एड.च्या प्रबंधातलं एक वाक्य विचारणेसाठी आलंय: "चाचणीची आशय वैधता पाच तज्ञांकडून प्रमाणित करून घेतली." बरोबर आहे का? आणि 'वैधता' म्हणावं की 'सप्रमाणता'? (दोन्ही इंग्रजी 'व्हॅलिडिटी'साठीच. आशयाची म्हणजे, जो घटक तपासायचा तो चाचणीत नीट उतरलाय का, ते बघणं.)

आधी 'तज्ञ' खोडा. तत् अधिक ज्ञ, तज्ज्ञ. आपण 'ज्ञ'चा उच्चार 'द्न्य' करतो म्हणून आधीचा ज् कानाला लागत नाही. म्हणून तो लिहिताना गिळायचा? 'प्रमाणित करून घेतली' हे तर डोक्यातच जातं. झेरॉक्सवर साहेबांचा शिक्का आणल्यासारखं! प्रमाणित चाचणी ही वेगळी गोष्ट, मोठ्या नमुन्यावर घेऊन मानकं ठरवलेली.

खरी मजा 'आशय'मध्ये आहे. मूळ धातू शी, म्हणजे निजणं. शय्या, शयन त्याचेच. आशय म्हणजे जिथे काही वसून राहतं ती जागा. जलाशय, पित्ताशय, गर्भाशय बघा. पुढे शब्द जागेवरून आतल्या ऐवजाकडे सरकला. 'महाशय' म्हणजे ज्याचा आशय, अंतःकरण, मोठं तो. आणि 'संशय'सुद्धा याच शीचं पोर! दोन्हीकडे लोळणारं मन, असा मी त्याचा अर्थ लावतो. कुणाला ही ओढाताण वाटेल, वाटो. आशय तपासायला बोलावलेल्या महाशयांनी संशयच घ्यायचा असतो.

सातवीची शेकडेवारीची चाचणी घ्या. दहाच्या दहा प्रश्न नफा-तोट्यावर, सरळव्याजावर एकही नाही. त्यातला एक सात ओळींचा. मुलाचं गणित चुकलं तर शेकडेवारी कच्ची की वाचन? हे पकडायचं तर तज्ज्ञांच्या हाती प्रश्नांबरोबर संविधान तक्ताही, म्हणजे कोणत्या उपघटकावर किती प्रश्न याचा आराखडाही हवा. नुसती प्रश्नपत्रिका पाठवली की "छान आहे" एवढाच शेरा येतो, आणि ती फार तर दर्शनी, म्हणजे वरवर बघून ठरवलेली सप्रमाणता झाली.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॉशे यांनी १९७५ मध्ये यावर हिशेबच मांडला. प्रत्येक तज्ज्ञानं प्रत्येक प्रश्न 'आवश्यक', 'उपयुक्त पण आवश्यक नाही' की 'अनावश्यक' ते सांगायचं. मग 'आवश्यक' म्हणणारे निम्म्यांपेक्षा किती जास्त ते काढून त्याला निम्म्यांनी भागायचं. दहांपैकी नऊ जण 'आवश्यक' म्हणाले तर निम्म्यांवर चार, भागिले पाच, गुणोत्तर ०.८. पाचच म्हणाले तर चक्क शून्य. अर्ध्यांच्या होकाराला काडीची किंमत नाही.

हां, वैधता. वैध म्हणजे विधीला धरून. तिकीट वैध असतं, विवाह वैध असतो. चाचणीनं कुठला कायदा पाळायचाय? 'प्रमाण'मध्ये मा धातू आहे, मोजणं. मोजायचं तेच मोजलं की नाही, हाच तर इथला सवाल. तरी अध्यापनशास्त्राची निम्मी पुस्तकं 'वैधता'च छापतात आणि मार्गदर्शक तीच पुढे रेटतात. रेटू देत.

तुम्ही लिहा: "चाचणीची आशय सप्रमाणता पाच तज्ज्ञांच्या अभिप्रायांवरून तपासली." खाली कोणते प्रश्न गाळले, कोणते बदलले तेही द्या. पाचच तज्ज्ञ असले तर, किती तज्ज्ञांना किमान किती गुणोत्तर हवं ते सांगणाऱ्या लॉशेंच्या तक्त्याप्रमाणे प्रश्न टिकायला पाचही जणांचं एकमत लागतं, तेवढं बघून घ्या.