घरात ओल निघाली, आता घ्यायचं की सोडायचं?

पावसाळा लागला की हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी माझ्याकडे समुपदेशनाला येतंच. घर आवडलंय, लोन सँक्शन झालंय आणि ऐनवेळी इंजिनिअरने भिंतीतली ओल दाखवली. अशाच एका ठाण्यातल्या जोडप्याबद्दल लिहितेय, ओळख अर्थातच बदललीय. रिसेलचा टू बीएचके, सगळ्यात वरचा मजला, बिल्डिंग वीसेक वर्षांची. बेडरूमचं कपाट सरकवलं तर मागे नव्या रंगाला पापुद्रे सुटलेले, बोट लावलं की पांढरी पूड गळायची. बायको म्हणे दुरुस्त करून घेऊ, नवरा मात्र रात्री दोनला उठून त्याच भिंतीचे फोटो झूम करून बघत बसायचा.

"मॅडम, शंभर टक्के खात्री द्या कोणीतरी, आत्ता टोकन देतो."

"कसली खात्री?"

"परत ओल येणार नाही याची."

"आणि आली तर?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा म्हणेल, सांगितलं होतं तुला, तुला यातलं काही कळत नाही."

भिंतीतल्या पाण्यापेक्षा दादाच्या त्या वाक्याची धास्ती मोठी होती! मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांना मानणारी, त्यामुळे असा हट्ट मला लगेच ऐकू येतो. माझा निर्णय चुकताच कामा नये असं एकदा धरून बसलं की कितीही रिपोर्ट आणा, पुरत नाहीत. मी विचारलं, समजा चुकलं, दादा बोललाही, मग तुम्ही बिनडोक ठरता का? "नाही... खर्चात पडेन." आणि जरा थांबून, "एवढंच." ते "एवढंच" त्याचं त्याला सापडलं, मी सांगून पटलं नसतं.

त्यानंतर प्रश्न सोपे झाले. पाणी येतंय कुठून, टेरेसमधून की आतल्या बाथरूममधून? सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, टेरेस आणि बाहेरच्या पाइपचं लीकेज सोसायटीच्या खर्चाने, घरातल्या संडास-बाथरूमचं सभासदाच्या. 15 ते 30 वर्षांच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी व्हायला हवं, तो रिपोर्ट मागाच. सळई गंजून स्लॅबचं प्लास्टर फुगलं असेल तर रंगाच्या खर्चावर हिशोब करू नका. दुरुस्तीचं कोटेशन काढून किंमत कमी करून घ्या, ठरेल ते साठेखतात, म्हणजे खरेदीच्या करारात, लिहून घ्या, आणि झोप उडालेली असताना टोकन तर मुळीच देऊ नका.

सोसायटीने ऑडिटचा रिपोर्ट देताना नुसती टोलवाटोलवी केली, तेव्हा दोघांनी मिळून ते घर सोडलं आणि दादाला फोन नवऱ्यानेच केला. आता घरं बघायला ते भर पावसातच जातात.