घरच्या संगणकासाठी अवास्त, एव्हीजी आणि अविरा यांपैकी कोणता मोफत अँटिव्हायरस निवडावा?

आपण दिलेल्या तीन नावांत निवड करण्यासारखे फारसे उरलेले नाही. एव्हीजी २०१६ साली अवास्तने विकत घेतली, अविरा पुढे नॉर्टनच्या कंपनीकडे गेली, आणि २०२२ साली नॉर्टन व अवास्त एकत्र आल्यापासून ही सगळी नावे जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. आपल्याकडे विंडोज १० किंवा ११ असेल, तर यांपैकी काहीही बसवू नये. विंडोजमध्येच असलेला डिफेंडर पुरेसा आहे. माझे हे मत जुने आहे आणि त्यावरूनच आमच्या घरात वाद झाला होता.

जे फुकट मिळते ते कुचकामीच असते, अशी माझ्या थोरल्या भावाची ठाम समजूत आहे. बहिणीचा प्रबंध पूर्ण होत आला होता आणि तिचे सर्व लेखन घरच्या एकाच संगणकावर होते. तिच्या कामाला धोका पोहोचू नये, या खऱ्या काळजीपोटी दादाने एक विकतचा अँटिव्हायरस बसवायचे ठरवले, परंतु परवाना विकत न घेता त्याचा क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय चालणारी चोरटी प्रत, कुठून तरी डाउनलोड केला. सोबतच्या सूचनांतील पहिलीच सूचना अशी होती की, आधी संगणकावरील अँटिव्हायरस बंद करावा. डिफेंडरने ती फाइल येताक्षणीच अडवली होती. दादाने तिला परवानगी दिली आणि ती चालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने संगणक सुरू केला, तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावाला एक अनोळखी शेपूट जोडलेले होते, एकही प्रकरण उघडत नव्हते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी होती. बॅकअपची हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेलीच असे, त्यामुळे तीही गेली. मार्गदर्शकांना ईमेलने पाठवलेली दोन प्रकरणे तेवढी वाचली. उरलेली तीन तिने पुन्हा लिहून काढली, आणि त्या काळात ती घरात कोणाशी धड बोलत नव्हती.

फुकटच्या अँटिव्हायरसने दगा दिला, असे दादा आजही म्हणतो. मला हे मुळीच मान्य नाही, कारण त्याच सकाळी मी डिफेंडरमधील नोंदी उघडून पाहिल्या होत्या. फाइल धोकादायक ठरवल्याची नोंद तेथे होती, आणि तिच्यानंतर चारच मिनिटांनी परवानगी दिल्याचीही. विकतचा अँटिव्हायरस आधीपासून असता, तर त्या सूचनेप्रमाणे तोही बंदच केला गेला असता.

अवास्तबाबत माझा आक्षेप वेगळा आहे. वापरकर्ते कोणती संकेतस्थळे पाहतात याची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात असल्याचे उघड झाले, २०२० साली ती उपकंपनी बंद करावी लागली, आणि २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी अवास्तला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या वस्तूने असे करावे, हे मला अक्षम्य वाटते. सोबतीला म्हणून दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवण्याचा विचारही करू नये. प्रत्येक फाइल दोघेही तपासू लागतात आणि संगणक रखडतो.

डिफेंडरलाही मर्यादा आहेत, हे सांगायला हवे. नवे धोके ओळखताना तो इंटरनेटवर बराच अवलंबून असतो, त्यामुळे जोडणी नसताना पेन ड्राइव्हवरून फाइल घेणाऱ्यांनी अधिक जपावे. फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून ठरावीक फोल्डर राखण्याची सोय त्यात आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेतील त्रुटी दुरुस्त करणारी अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोजमधील न बुजवलेली छिद्रे कोणताही अँटिव्हायरस बुजवू शकत नाही. बॅकअपची डिस्क मात्र काम झाले की काढून कपाटात ठेवावी.

घरातील रोजच्या वापरासाठी अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले खाते करावे, म्हणजे अडवलेल्या फाइलला परस्पर परवानगी देता येत नाही. मी आमच्या संगणकावर ही व्यवस्था केली, तेव्हा दादाने तो स्वतःवरचा अविश्वास मानला. बहिणीने मात्र तसे खाते स्वतःसाठीही मागून घेतले.