काड्या जमतात, वही अडते: घरी शिकणाऱ्या मुलांच्या गणिताबद्दल

तुमचा प्रश्न असा आहे: घरीच शिकणारी दोन मुलं, मुलगा आठ वर्षांचा, मुलगी अकराची. काड्या, मणी, ठोकळे सगळं आणून झालं आणि मुलं त्यात रमतातही. पण वही उघडली की मुलगा ४३ मधून १७ वजा करून ३४ लिहितो, मुलगी १/२ + १/३ चं उत्तर २/५ काढते, आणि मग दोघांनाही पुढचं गणित नकोसं होतं. आणखी साहित्य घ्यावं की पद्धत बदलावी?

साहित्य आहे तेवढं भरपूर आहे. मुलांच्या लेखी काड्यांचा खेळ हा एक कार्यक्रम आणि वहीतलं गणित हा दुसराच, खरी अडचण तिथे आहे. म्हणून कोणतीही कृती निवडताना दोन गोष्टी बघा. चूक झाली तर ती वस्तूतच दिसते का, म्हणजे तुम्ही 'चुकलं' म्हणायच्या आधी मुलाला स्वतःला कळतं का? आणि हात जे करतोय ते त्याच क्षणी कागदावर उतरतंय का? मुलांना गोडी लागते ती पहिल्या गोष्टीमुळे, कारण तिथे कुणी परीक्षक बसलेला नसतो. बक्षिसं आणि स्टिकर यांचा उत्साह फार दिवस पुरत नाही.

आधी मुलाचं बघू. सारख्या लांबीच्या १०० काड्या आणि १० रबरबँड घ्या. दहा-दहाचे गठ्ठे त्याला स्वतःला बांधू द्या. तयार गठ्ठे हातात दिले तर 'एक दशक म्हणजे दहा सुटे' ही फक्त ऐकीव माहिती राहते. एक मोठा कागद आडवा ठेवून मधोमध रेघ मारा, डावीकडे दशक, उजवीकडे एकक. त्यावर ४ गठ्ठे आणि ३ सुट्या काड्या मांडा.

आता १७ काढायचे. इथे मोठ्यांचीच एक चूक हमखास होते: वर ४३ आणि खाली १७ काड्या मांडल्या जातात. मुलाला दोन ढीग दिसतात आणि तो बेरीज तरी करतो, नाहीतर तुलना तरी. काढून घेण्याच्या वजाबाकीत फक्त ४३ मांडायचे. १७ हा आकडा चिठ्ठीवर लिहून बाजूला ठेवायचा. त्याला ७ सुट्या द्यायच्या आहेत आणि समोर आहेत तीनच. थांबा. 'हातचा घे' म्हणू नका. थोडा वेळ अडू द्या, बहुतेक मुलं आपणच एका गठ्ठ्याचं रबर काढतात. रबर निघालं की लगेच पेन्सिल हातात: ४ वर काट मारून ३, ३ वर काट मारून १३. आणि विचारा, 'आता एकूण किती?' तो पुन्हा मोजायला लागला, किंवा ४३ पेक्षा वेगळं काही म्हणाला, तर समजा की गठ्ठा सोडल्याने संख्या बदलत नाही हे अजून पक्कं झालेलं नाही. ते पक्कं होईपर्यंत पुढे जाऊ नका, दिवसभर नुसते गठ्ठे बांधा आणि सोडा. मग ७ दिल्या, ६ उरल्या. एक गठ्ठा दिला, दोन उरले. उत्तर २६. दिलेला ढीग परत आणून जोडला की ४३ पुन्हा समोर.

वहीत ३४ येतं ते मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं म्हणून: ७ मधून ३, ४ मधून १. काड्यांवर ही चूक करताच येत नाही, कारण ज्यातून तीन काढायच्या त्या सात सुट्या काड्या तिथे मुळी नसतातच. याच कारणासाठी लाल मणी म्हणजे दहा, निळा म्हणजे एक, असलं साहित्य सुरुवातीला मला पटत नाही. लाल मणी फोडता येत नाही, त्याच्या बदल्यात दहा निळे मिळतात यावर नुसता विश्वास ठेवावा लागतो. गठ्ठा डोळ्यांदेखत सुटतो.

आपल्या भाषेमुळे येणारी एक अडचणही ध्यानात ठेवा. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७४ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तर नाव तिसाचं आणि अंक दोनाचा. गठ्ठे मांडताना प्रत्येक वेळी दोन्ही म्हणा: 'चाळीस आणि सात, सत्तेचाळीस.'

काड्यांवरून थेट अंकांवर उडी मारू नका. मध्ये चित्राची पायरी लागते, आणि घाईत हीच गाळली जाते. जेरोम ब्रुनर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात शिकण्याची हीच चढण मांडली होती: आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. चित्रात गठ्ठा म्हणजे उभी रेघ, सुटी काडी म्हणजे ठिपका. गठ्ठा सोडायचा तर रेघेवर काट मारून दहा ठिपके काढायचे. काड्यांना हात न लावता सलग पाच गणितं चित्राने बरोबर आली की नुसते अंक. अडला तर एक पायरी मागे, आणि तेही सहज, शिक्षा म्हणून नाही.

मुलीसाठी अपूर्णांकांच्या पट्ट्या करा. २४ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद. ए-फोर आकाराची कार्डशीट २१ सेंमी रुंद असते, त्यामुळे एका कागदातून नेमक्या सात पट्ट्या निघतात. एक पट्टी अख्खी ठेवा. बाकीच्या सहा अशा कापा: अर्धे १२ सेंमीचे, तृतीयांश ८, चतुर्थांश ६, षष्ठांश ४, अष्टमांश ३, द्वादशांश २ सेंमीचे. २४ ही लांबी निवडायची ती यासाठीच, सगळी मापं पूर्ण सेंटिमीटरमध्ये बसतात. प्रत्येक पट्टीला वेगळा रंग द्या.

कापताना एक तुकडा करून त्यावरून पुढचे आखू नका. तुकड्यामागे एक मिलिमीटर कमी भरला तर बारा तुकडे मिळून १२ मिलिमीटर कमी पडतात, आणि 'बारा द्वादशांश म्हणजे एक' हे मुलीला खोटं वाटतं. फूटपट्टी एकदाच ठेवून शून्यापासून २, ४, ६ असे सगळ्या खुणा करून मग कात्री चालवा. शून्याची रेघ फूटपट्टीच्या कडेपासून आत असू शकते, तेही बघा.

आता १/२ आणि १/३ चे तुकडे टोकाला टोक लावून ठेवायला सांगा. उत्तर काढण्याआधी एकच प्रश्न: बेरीज अर्ध्यापेक्षा जास्त येईल की कमी? ती 'जास्त' म्हणेल, कारण समोर दिसतंय. मग २/५ कडे वळा. २४ सेंमीचे २/५ म्हणजे ९.६ सेंमी, आणि नुसता अर्धाच १२ चा. अर्ध्यात भर घातली आणि ते कमी कसं झालं? इथे तिला बोलू द्या, आपण गप्प बसायचं. त्यानंतर काम असं: या २० सेंमीच्या जोडीला एकाच रंगाच्या तुकड्यांनी बरोबर झाकायचं. चतुर्थांश तीन घेतले तर १८, चार घेतले तर २४, जमत नाही. अष्टमांश सहा म्हणजे १८, सात म्हणजे २१, तेही नाही. षष्ठांश पाच, बरोबर २०. द्वादशांश दहा, तेही २०. म्हणजे ५/६ आणि १०/१२ एकच. समान छेद कशाला हवा, हे नियम सांगायच्या आधी तिने शोधलेलं असतं. लगेच खाली लिहून घ्या: ३/६ + २/६ = ५/६.

या संचात पंचमांश नाहीत, २४ ला ५ ने पूर्ण भाग जात नाही. त्यासाठी २० सेंमीचा वेगळा संच करा: अर्धे १०, चतुर्थांश ५, पंचमांश ४, दशांश २ सेंमी. दोन्ही संच वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. मिसळले तर एका संचातला १/२ दुसऱ्यातल्या १/२ पेक्षा मोठा दिसतो आणि सगळा घोळ होतो. गोल चकत्यांपेक्षा मी पट्ट्याच सुचवेन. चकतीचे तीन सारखे भाग करणं अवघड, आणि पट्टीवरून संख्यारेषेवर जाणं सोपं.

काही दिवसांनी क्रम उलटा करा: आधी वहीत उत्तर, मग पट्ट्यांनी पडताळा. पट्ट्या आपोआप मागे पडतात, काढून घ्याव्या लागत नाहीत.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत पुढे होणारच, त्यासाठी दोरा पुरतो. ३० सेंमी दोऱ्यावर २४ सेंमी अंतराने दोन खुणा करा आणि खुणा जुळतील अशी गाठ मारा, नाहीतर गाठीतच एक-दोन सेंमी जातात. लोकर नको, ताणली जाते. जाड पुठ्ठ्यावर एक सेंमीच्या चौकटीचा कागद, चार टाचण्या, आणि याच दोऱ्याचे आयत: १×११, २×१०, करत करत ६×६. दोरा तोच, पण आतले चौकोन ११ पासून ३६ पर्यंत वाढत जातात. तक्ता मुलीलाच भरू द्या.

वेळेचं म्हणाल तर एका बैठकीला २० ते २५ मिनिटं. नवीन साहित्य आलं की पहिल्या दिवशी घरं, पूल, काय हवं ते करू द्या. तो वेळ नाही दिला तर मुलं पुढे शिकताना खेळतात. एका साहित्यावर निदान दोन आठवडे राहा. आणि दोघांना एकत्र बसवू नका, ताई उत्तर सांगून मोकळी होते आणि धाकट्याच्या हातातली काडी तशीच राहते. त्याचं झाल्यावर त्याने तिला गठ्ठे सोडून समजवावं आणि तिने मुद्दाम ३४ म्हणावं. तो तिची चूक काड्यांवर दाखवू शकला, तर दुसऱ्या दिवशी चित्राची पायरी सुरू करायला हरकत नाही.